माहेरच्या नावांची वही

लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं आणि करवल्यांनी पेढे वाटले, की सगळा मांडव पंगतीकडे वळतो. आमच्या चिंचवडात मात्र एक माणूस नेमका त्याच वेळी उलट दिशेने चालू लागायचा. डोक्यावर काळी टोपी, अंगात विटलेला खाकी कोट, काखेत मेणकापडात गुंडाळलेली वही आणि कानावर शिसपेन्सिल. गर्दीतून वाट काढत तो नवरीच्या आईपर्यंत पोचायचा. ती बिचारी डोळे पुसत असायची. हा माणूस जरा थांबायचा, तिला पदर सावरू द्यायचा आणि हलक्या आवाजात विचारायचा, "ताटातलं नाव कळलं. ते झालं. आधीचं काय?"

हे टपालआप्पा. खरं नाव विष्णुपंत, पण ते त्यांच्या पेन्शनीच्या कागदाखेरीज कुठे वापरात नव्हतं. उभी हयात टपालखात्यात गेली. आधी गावोगाव हिंडणारे पोस्टमन, मग पोस्टमास्तर. निवृत्त झाले तरी खाकी कोट काही अंगावरून उतरला नाही. नोकरी सुटते, थंडी सुटत नाही, असं ते म्हणत. वैशाखात मात्र या खुलाशाने कुणाचं समाधान होत नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती नव्या कायद्यामुळे. लग्न झालं की त्याची सरकारदरबारी नोंद करायची, असा कायदा त्या सुमारास आला. मी साताऱ्याकडचा, नवाच चिकटलेला कारकून. स्टेशनजवळ एका भुसाराच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथे एक टेबल, एक रजिस्टर, एक बाक आणि मी, एवढ्या सरंजामावर आमची कचेरी उघडली. बाहेर ‘विवाह नोंदणी’ अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात थेरगावचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन हजर झाले आणि म्हणाले, "मुलगा शेतीवाला नको. पिंपरीला औषधांचा कारखाना होतोय, तिथला कुणी असला तर दाखवा." मी त्यांना समजावलं की इथे लग्नं जुळवत नाहीत, झालेली लिहून घेतात. ते चकित झाले. "झालेली लिहून काय करायची?" म्हणाले. "भटजींनी लावली, गाव जेवलं. आता सरकारला वेगळं आवतण कशाला?"

अशा वातावरणात एके सकाळी आप्पा जिना चढून आले आणि बाकावर न बसता थेट टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "नमुना दाखवा." मी नोंदणीचा छापील कागद पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. कोपऱ्यातलं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

"वधूच्या नावाला एकच रकाना?"

"एकच. वधू एकच असते, आप्पा."

"कोण म्हणतं? सकाळी मांडवात येते ती एक आणि दुपारी निघते ती दुसरी. तुम्ही यातली कोणती लिहिता?"

मी म्हणालो, लोक सांगतील ती. आप्पांनी कागद परत दिला. "म्हणजे दुपारचीच. ते झालं. आधीचं काय?"

त्या दिवसापासून आमच्या बाकाचा भिंतीकडचा कोपरा त्यांचा झाला. रोज दहाला यायचे, सुपारी कातरायचे आणि नोंदणीला आलेल्या प्रत्येक जोडप्याला माझ्या आधी प्रश्न विचारायचे. नवे नवरे गोंधळायचे. मुली मात्र हळूच हसायच्या आणि नाव सांगायच्या. एका शिकलेल्या नवऱ्याला राग आला. "आता ती माझी पत्नी आहे. आधीच्या नावाशी तुम्हाला काय कर्तव्य?" असं त्याने विचारलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "उद्या सासरी कुणी रागावलं की ती मनातल्या मनात स्वतःला कुठल्या नावाने समजावील, ते तिला विचारा." नवरीने तेवढ्यात नाव सांगून टाकलं.

त्यांचा हा ‘आधीचं काय’ नुसता नवऱ्यांपुरता नव्हता. पिंपरीला कारखान्याच्या भिंती वर चढू लागल्या तेव्हा सगळा गाव बघायला गेला. काय ते लोखंड, काय त्या ओझी उचलणाऱ्या याऱ्या! आप्पा मुकादमाला विचारत होते, "ते झालं. इथे आधी शेत कुणाचं होतं?" मुकादम कऱ्हाडचा, त्याला काय ठाऊक. मग आप्पांनीच त्याला सांगितलं, हे चिंचेचं शेत, ते पल्याडचं वाण्याचं, आणि तुझा मिक्सर उभा आहे ती म्हसोबाची जागा, जरा सांभाळून. मुकादमाने दुसऱ्या दिवशी मिक्सरला नारळ फोडला म्हणतात.

पिंपरीला निर्वासितांची छावणी होती. सिंधी लोकांतही लग्नात नवरीचं नाव बदलतात, हे कळल्यावर आप्पा हरखून गेले. एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला मोडक्या हिंदीत विचारलं, "ये तो हो गया. पहले का क्या?" त्या माणसाने आप्पांचा हात धरून त्यांना बाजूला बसवलं आणि सिंधमधलं आपलं गाव, घर, अंगणातली विहीर, दारातलं बोराचं झाड, असं तासभर सांगितलं. मुलीचं नाव सांगायचं राहूनच गेलं. आप्पांनी त्याला मधे तोडलं नाही. त्या रकान्यात विहीर लिहिली, बोराचं झाड लिहिलं, आणि नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन विचारून आले.

लग्नाला त्यांना आमंत्रण लागत नसे, पण ते कुठे जेवत मात्र नसत. यजमान हाताला धरून पाटावर बसवू लागले तर म्हणत, "जेवलेला साक्षीदार मिठाला जागतो. मला खऱ्याला जागायचंय." अपवाद फक्त एक. स्टेशनसमोरच्या सायकलवाल्या रहीमचाचांच्या मुलीचा निकाह होता. आप्पा वही घेऊन गेले आणि काझींना विचारलं, "आधीचं काय?" काझी म्हणाले, "पंत, जे आधीचं तेच आताचं. नाव बापाने ठेवलंय, ते कोण कशाला बदलतो?" शिवाय त्यांनी निकाहनामा दाखवला. त्यावर मुलीची स्वतःची सही होती, साक्षीदार होते, सगळं जिथल्या तिथे होतं. आप्पांनी तो कागद बराच वेळ पाहिला, वही मिटली आणि म्हणाले, "मग इथे माझं काहीच काम नाही." आणि बिनघोर जेवायला बसले. शिरखुर्मा दोनदा घेतला.

या वह्यांचं कारण विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "टपाल, रावसाहेब, टपाल!" मला ते रावसाहेब म्हणत. माझा पगार माहीत असूनही म्हणत. "मुलगी सासरी गेली की आई पत्र कुणाच्या नावाने धाडते? तिच्या तोंडात जे नाव बसलंय त्या. आणि सासरच्या गावात त्या नावाची कुणी बाईच नसते! चिमी कोण, तर कुणाला ठाऊक नाही. बनी कोण, तर नाही. पोस्टमनने काय करावं?" मग ते एक गोष्ट सांगत. एका पोस्टमनकडे एकदा एक कार्ड आलं. वर फक्त ‘ठकू’ आणि गावाचं नाव, बाकी काही नाही. त्याने तीन दिवस साऱ्या गावाला विचारलं. आळ्या पालथ्या घातल्या, घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारलं. ठकू काही सापडेना. शेवटी कार्डाच्या पाठीवर शेरा मारून त्याने ते परत धाडलं. "आणि ठकू गावातच होती, रावसाहेब!" असं म्हणून आप्पा सुपारी तोंडात टाकत. ही गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेल. पुढे पुढे मी नोंदी लिहिता लिहिता ‘हं, हं’ म्हणत असे.

वह्या लावण्याची त्यांची पद्धत तर जगावेगळी होती. आमचं रजिस्टर तारखेने चाले. भटजी लोक वराच्या नावाने टिपण ठेवत. आप्पांच्या वह्या नवरीच्या माहेरच्या नावाच्या पहिल्या अक्षराने लावलेल्या असत. अ ची एक, ब ची एक, स आणि क च्या दोन दोन. वहीत काय वाटेल ते असे. नावं, गाव, अंगठे, सह्या, शिवाय ‘नवरदेव घाबरट, बायकोकडे पाहिले नाही’, ‘विहिणीचा रुसवा, कारण पातळाचा रंग’ अशा शेऱ्यांची पखरण. कुठलीही वही मागा, ते आनंदाने वाचून दाखवत. फक्त ठ ची मी एकदा मागितली तर म्हणाले, "ठ वरून नावं असून असून किती असणार? राहू द्या ती." मलाही ते पटलं.

हे सगळं मी मौजेने सांगत असे आणि लोक मौजेने ऐकत. काळेवाडीची गजराबाई आमचा जिना चढून आली तोवर.

बाई पंचविशीची असेल. कपाळ मोकळं, कडेवर एक मूल, बोट धरून दुसरं. तिचा नवरा शंकर दिघीकडच्या एका लष्करी भांडारात कामाला होता. विषमज्वराने चार महिन्यांपूर्वी गेला. त्याच्या जागी बायकोला तिथल्या इस्पितळात आयाचं काम द्यायचं आणि राहायला एक खोली द्यायची, असं वरच्या साहेबाने ठरवलं होतं. पण घोडं अडलं कागदावर. शंकरच्या नोकरीच्या कागदात बायकोचं नाव ‘सुमन’ होतं आणि बाईच्या रेशनकार्डावर ‘गजरा’. तिथल्या हेडक्लार्कने विचारलं, सुमन कुठाय? ही म्हणाली, मीच. मग गजरा कोण? तर तीही मीच. हेडक्लार्कने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि शेरा मारला, ‘मयतास दोन बायका असाव्यात. अर्जदार दुसरी दिसते. लग्नाची खात्रीलायक नोंद महिनाअखेरपर्यंत आणावी, नपेक्षा जागा दुसऱ्यास द्यावी.’

महिना संपायला सहा दिवस उरले होते.

"नोंद द्या की वो सायेब," ती म्हणाली. "पाटी वाचून दावली एकानं, म्हनून आली."

मी रजिस्टर तिच्यापुढे उघडून दाखवलं. पहिलं पान कायदा लागू झाल्यानंतरचं. तिचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. "बाई, आमच्याकडे तुमच्या लग्नाचं काही नाही."

"लगीन तर झालंय! सारं काळेवाडी जेवलंय आमच्या लग्नात!"

"लग्न झालं हे सांगायला पन्नास माणसं मिळतील. पण सुमन म्हणजे तुम्हीच, हे कोण सांगेल?"

तिने बराच विचार केला. लग्न लावणारे भटजी वारले होते. आई वारली होती. सासूही गेली होती, चुलतसासराही. "कोन सांगनार," ती म्हणाली. "समदी गजराच म्हन्त्यात. सासूबाई म्हनायच्या, सुमन म्हनाया माजी जीभ वळत न्हाई. ह्यांनीच तेवढं ते नाव ठिवलं आन् ह्यांनीच हाक मारली. दुसऱ्या कुनी न्हाई." आणि मग एवढा वेळ आवरून धरलेलं तिचं रडू एकदम फुटलं. मोठं पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. मी उगीच रजिस्टरची पानं उलटू लागलो.

कोपऱ्यात अडकित्ता वाजायचा थांबला. "बाई, माहेर कुठलं?" आप्पांनी विचारलं.

"वाकड."

"मांडव माहेरीच होता? वडाखाली? वाजंत्रीवाला लंगडत होता?"

तिने डोळे पुसत मान हलवली. "व्हय. तुमास्नी कसं ठावं?"

आप्पा उठून जिन्याकडे निघाले होते. मी म्हटलं, "अहो, कुठे निघालात?"

"ग ची वही आणायला," ते म्हणाले.

अर्ध्या तासाने ते धापा टाकत परत आले. मेणकापड उलगडलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "नवऱ्याच्या नावाने शोधलं असतं तर सात जन्म लागले असते. गंगा, गंगा, गोदा, गजरा. ही भोसरीची. ही चिखलीची. ही पाहा, गजरा, वाकड." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. नवरदेव शंकर, काळेवाडी, चौथी पास. ताटातलं नाव सुमन. नवरदेवाने स्वतः लिहिले, कोणाकडून हात धरवून नव्हे. अंगठी सैल असल्याने तांदळात पडली, शोधण्यात वेळ गेला, नवरी हसली. खाली शंकरच्या चुलत्याची सही आणि एक निळा अंगठा.

"ह्यो कुनाचा?" बाईने विचारलं.

"तुझ्या आईचा, बाळ."

तिने कडेवरचं मूल खाली ठेवलं आणि त्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. आप्पांनी वही मिटायची अजिबात घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आगगाडीने खडकीला उतरलो आणि दिघीपर्यंत पायी गेलो. आप्पा सगळ्यांच्या पुढे. डाकेची चाल मोडत नसते म्हणाले. कचेरीत हेडक्लार्कने वही हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली.

"ही सरकारी नाही."

"नाही," आप्पा म्हणाले.

"मग हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"मी तिथे जेवलो नव्हतो."

हेडक्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना जेवणाचं तत्त्व समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता, कागदाने बांधलेला होता. ते पान वाचू लागले आणि शेवटच्या ओळींवर थांबले. नवरीने घेतलेलं नाव, म्हणजे उखाणा, आप्पा प्रत्येक नोंदीच्या तळाशी उतरवून ठेवत. हेडक्लार्कने एकदा बाईकडे पाहिलं. मग पानाच्या खालच्या भागावर तळहात पालथा ठेवला.

"बाई, लग्नात तुम्ही नाव घेतलं होतं. पहिली ओळ मी वाचतो. पितळेच्या ताटात तांदळाची रास. पुढे काय?"

सगळी कचेरी थांबली. टंकलेखनवाला थांबला. विधवा बाई, चार पुरुषांसमोर गेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायचं. मला वाटलं, हिच्याने होणार नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं, पदर कपाळावर ओढला. आप्पा खाली मान घालून स्वतःच्या वहाणांकडे पाहत होते. त्यांचे ओठ नुसते हलत होते, जणू तिला आतून ओळ पुरवत होते.

भिंतीकडूनच आवाज आला. आधी घोगरा, मग स्वच्छ.

"शंकररावांनी ठेवलं, सुमन नाव खास."

हेडक्लार्कने हळूच हात उचलून खालची ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग फाइल ओढून ‘दोन बायका असाव्यात’ यावर आडवी रेघ मारली, वर ‘एकच’ असं लिहिलं आणि सही केली. "सोमवारपासून कामावर या," ते म्हणाले. "कागदावर सुमन लिहितो. वॉर्डात सगळे त्याच नावाने हाक मारतील."

बाई दाराशी थांबली. "कागदावर ल्ह्या सायेब. पर हाक गजरा म्हनून मारू द्या. दुसरी हाक एकट्या ह्यांची व्हती."

परत येताना आप्पा एक शब्द बोलले नाहीत. एरवी खडकीपासून चिंचवडपर्यंत आगगाडीच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचे मूळ मालक त्यांनी मला ऐकवले असते. मी आपला जिंकल्याच्या खुशीत बडबडत होतो. आता सरकारकडे लिहून तुमच्या वह्यांना मान्यता मिळवू, तुमची मोठी कचेरी करू, वगैरे. स्टेशनवर उतरल्यावर त्यांना जरा घेरी आली, म्हणून वही मी घेतली आणि त्यांना घरी पोचवायला गेलो.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. एक खोली, एक खाट, एक स्टोव्ह. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, एवढं ऐकून ठाऊक होतं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून थेट फळीवर पडलं होतं. फळीवर वह्या अक्षरवार उभ्या. आप्पा स्टोव्हशी चहाच्या खटपटीला लागले आणि मी ग ची वही तिच्या जागेवर ठेवायला गेलो. पुढे काही वह्या सोडून ठ ची होती. सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत जुनी. तिच्या मेणकापडाच्या कडा झिजून पांढऱ्या झाल्या होत्या. नको म्हटलेली गोष्ट हाताला खाजवतेच. मी ती उघडली.

आत एकच नोंद होती. नवरदेव विष्णू, चिंचवड, वय चौदा. ताटातलं नाव लक्ष्मी. आधीचं, ठकू. शेरा काही नाही. समोरच्या पानावर एक जुनं पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं, फक्त एका कडेने, म्हणजे उलटता यावं असं. पत्त्याच्या जागी ‘ठकू, मु. चिंचवड’ एवढंच. मजकूर दोन ओळींचा. ‘ठकूस आशीर्वाद. तुझी आई फार आजारी आहे. तुझ्या वाटेकडे डोळे लावून आहे, देखत पत्र निघून ये.’ मी कार्ड उलटलं. पाठीवर शेरा होता, ‘या नावाचे कोणी या गावी नाही.’ अक्षर मी ओळखलं. वळणदार, मोत्यासारखं, ग च्या वहीत आदल्याच दिवशी पाहिलेलं.

वीस वेळा ऐकलेली गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

मागे आप्पा चहाचे दोन पेले घेऊन उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते रागावले नाहीत. माझ्या हातात पेला दिला, खाटेवर बसले.

"घाटाखालचं माहेर तिचं. म्हातारी तापात होती. ‘ठकूला लिहा, ठकूला लिहा’ एवढंच म्हणत होती. लिहून देणाराही परका. त्याला ना जावयाचं नाव ठाऊक, ना आडनाव. त्याने म्हातारी म्हणाली तेवढं लिहिलं." त्यांनी पेल्यावर फुंकर घातली. "आम्ही मुलं होतो लग्नात. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरात ‘अगं’ म्हटलं की भागायचं. तीन दिवस ते कार्ड घेऊन मी साऱ्या गावाला विचारलं, रावसाहेब. दुपारी घरी येऊन तिच्या हातची भाकरी खायचो आणि पुन्हा ठकूला शोधायला निघायचो. घरी तेवढं विचारायचं राहिलं."

"मग त्यांना कधी कळलं?"

"महिन्याने भाऊ आला तिचा. परत गेलेलं कार्ड घेऊन. म्हातारी कार्ड टाकल्यावर आठवड्यातच गेली होती. हिला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं. पुढचंही आणि मागचंही."

मागचं कशाला वाचलंत, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांना ते दिसलं असावं.

"टपाल अर्धं वाचून दाखवू नये," ते म्हणाले.

मी चहा घेत नव्हतो आणि तेही घेत नव्हते. खाली कुणीतरी बादली आपटत होतं. मग आप्पा पुन्हा बोलले, माझ्याशी की फळीवरच्या वह्यांशी, ते कळलं नाही.

"ती मला एक शब्द बोलली नाही. मग मीच ठरवलं, आता हिला ठकू म्हणायचं. ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मी मागून हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, रावसाहेब. ती झटकन उठली, आणि आई आली म्हणून दाराकडे धावली."